पाचशे नव्वद मीटर

लावण्या तंजावरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. पूर्वी आठ तासांच्या पाळीत पाणी प्यायला सवड मिळत नसे. मग गल्लोगल्ली एसटीडी बूथ झाले, लोक स्वतःच मद्रास-मुंबई फिरवू लागले, आणि लावण्याच्या कानांचं काम गेलं. कमरेला मात्र घेर आला. सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये कुंभकोणमच्या एका क्लबाचं पत्रक एक्स्चेंजमध्ये येऊन पडलं: पोंगलनंतरच्या रविवारी तंजावर ते कुंभकोणम मॅरेथॉन, बेचाळीस किलोमीटर एकशे पंचाण्णव मीटर, स्त्रियांनाही प्रवेश. छत्तीस वर्षांच्या लावण्यानं कुणाला न विचारता नाव लिहून टाकलं. कॉलेजात असताना ती आठशे मीटर धावली होती. उरलेलेही असेच कसेबसे होऊन जातील, असं तिला त्या दुपारी खरोखर वाटलं.

घरी सांगितल्यावर नवरा गिरीश आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून पत्रक वाचू लागला. सासूबाई वसुमती म्हणाल्या, "अय्यो! बाईमाणूस रस्त्यानं धावायला लागली तर घरात कुठे आग लागली म्हणतील लोक."

सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सीतारामराव पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. चाळीस वर्षं त्यांनी कावेरीचे कालवे मोजले होते, आणि निवृत्त झाल्यापासून मोजायला काही नसल्यामुळे ते घरातल्या सुताराला, शिंप्याला आणि दूधवाल्याला छळत असत. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"मोजणी कोण करणार?"

"कसली मोजणी, मामंजी?"

"तू रोज किती धावलीस त्याची! उगीच आपलं धावायचं म्हणजे काय?"

झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला लावण्या सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट घालून बाहेर पडली, तर सासरे लुंगीसारखी वेष्टी खोचून मोपेडवर तयार. पहिल्या दिवशी ती वडवार नदीच्या पुलापर्यंत पोचली आणि कठड्याला धरून उभी राहिली. "नऊशे चाळीस," मागून आवाज आला. त्यांनी शाबासकी दिली नाही की नावं ठेवली नाहीत. फक्त वहीत आकडा लिहिला.

लोकांना मात्र हे प्रकरण उमगेना. शहाणी दिसणारी बाई रस्त्यानं पळते ती बस पकडायलाच, अशी सगळ्या कंडक्टरांची खात्री होती. तिला पाहिलं की शिट्टी वाजायची, बस थांबायची आणि आतली माणसं हात पुढे करायची. "नको, नको, मला यायचं नाही," असं ती धापा टाकत सांगायची आणि ड्रायव्हर रागावून निघून जायचा. मार्गळी, म्हणजे तिकडचा मार्गशीर्ष, लागला तशी निराळीच पंचाईत झाली. दारोदार रस्ताभर कोलम काढलेले आणि त्यांच्या राखणीला बायका. त्या रांगोळ्यांमधून उड्या मारत लावण्याला गल्ली ओलांडावी लागे. तिच्या पिंडऱ्या मजबूत झाल्या त्या तिथेच.

डिसेंबरात मामंजींनी तिरुवैयारुपर्यंत जाऊन परत यायचं ठरवलं. वाटेत कंडियूरजवळ मोपेडमध्ये कचरा अडकला म्हणून ते मागे राहिले. मोपेड सुरू झाल्यावर त्यांनी अंतर भरून काढायला ती जोरात सोडली आणि ओरडले, "लावण्या! थांब! आकडा चुकेल!"

चहाच्या टपरीवरल्या लोकांनी काय पाहिलं? एक बाई जीव घेऊन पळते आहे आणि एक म्हातारा ओरडत तिचा पाठलाग करतो आहे. चौघांनी मोपेड अडवली.

"कोण ती तुमची?" टपरीवाल्यानं तमिळमध्ये दरडावलं.

"माझी सून."

हे ऐकून तर लोक अधिकच भडकले. "सुनेला पहाटे घरातून पळावं लागतं? काय केलंत तिला?"

"मी काही केलं नाही! मी मोजतो आहे!"

"काय मोजता?"

"ती किती पळाली ते!"

चौघांनी त्यांना बाकावर बसवलं आणि मोपेडची किल्ली काढून घेतली. तिकडे पुढे कनकलता नावाच्या एका धिप्पाड बाईनं लावण्याला हाताला धरून आपल्या ओट्यावर ओढलं, ताक दिलं आणि म्हणाली, "भिऊ नकोस पोरी. माहेर कुठे? माझा भाऊ बसमध्ये बसवून देईल." लावण्या मॅरेथॉन समजावून सांगू लागली. बेचाळीस किलोमीटर हा आकडा ऐकून त्या बाईचे डोळे भरून आले. एवढं लांब पळावंसं वाटतं म्हणजे सासर किती वाईट असेल!

शेवटी दोघी टपरीवर आल्या. सीतारामराव बाकावर ताठ बसले होते आणि त्यांनी वहीतले चार महिन्यांचे आकडे मोठ्यानं वाचून दाखवायला घेतले होते. ऑक्टोबरपर्यंत आल्यावर लोकांनी हात जोडले आणि किल्ली परत दिली. घरापर्यंत मामंजींनी मोपेड तिच्या शेजारून हळू चालवली. दारात दोघांनाही एकदम हसू फुटलं.

शर्यतीआधी आठ दिवस मामंजींनी सायकलच्या चाकाला चिंधी बांधली आणि फेरे मोजत तंजावरपासून, शर्यत जिथे संपायची होती त्या कुंभकोणमच्या महामहम तलावापर्यंत, सगळा रस्ता चालून काढला. नंतर तितकाच परत. दोन्ही वेळा पत्रकातला आकडा बरोबर भरला.

शर्यतीला दीडशे माणसं आली, त्यांत बायका सहा. पापनाशमपर्यंत लावण्या बरी धावली. तिथून पुढे पाय लाकडाचे झाले, ऊन चढलं, आणि शेजारून मोपेडवरून येणारा आवाज काही थांबेना. "तेरा किलोमीटर दोनशे उरले."

"मामंजी, आकडा नको! काहीतरी बरं बोला!"

सीतारामराव गोंधळले. रस्त्याखालच्या दोन मोऱ्या मागे पडेपर्यंत ते विचार करत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "तुझं सांबार वसुमतीच्या सांबारापेक्षा बरं असतं. घरी बोलू नको."

बारा वर्षांत त्यांनी जेवणाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. लावण्याला इतकं हसू आलं की तिला उभं राहावं लागलं, आणि हसून झाल्यावर पाय पुन्हा हलू लागले.

पावणेअकराला तिला मांडव दिसला. तलावाशी गर्दी फार म्हणून क्लबानं शर्यतीचा शेवट त्याच सकाळी तलावाच्या अलीकडे एका शाळेच्या मैदानात आणला होता. नादस्वरम वाजत होतं. लावण्यानं फीत ओलांडली, गुडघ्यांवर हात टेकले आणि गिरीशनं तिला सावरलं. क्लबाचे सेक्रेटरी शेषाद्री पदक घेऊन पुढे आले.

मामंजी मात्र दूर उभे राहून स्वतःच्या चपलांकडे बघत होते. तिनं ते पाहिलं.

"मामंजी, अंतर पुरलं ना?"

त्यांनी वही मिटली.

"किती कमी?"

"अप्पा, गप्प बसा की!" गिरीश ओरडला.

"पाचशे नव्वद मीटर," सीतारामराव अगदी हळू म्हणाले. "दोनदा मोजलंय गं. काय करू?"

लावण्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, तंजावरी मराठीत आणि तमिळमध्ये जे आठवलं ते पुटपुटली, आणि मैदानातून बाहेर पडून तलावाच्या दिशेनं धावू लागली. शेषाद्रींना वाटलं, उन्हानं बाईचं डोकं फिरलं. पदक हातात धरून तेही मागे धावले. शर्यत संपवून मांडवात लिंबूभात खात बसलेल्या एका निवृत्त हवालदारानं भानगड विचारली, ऐकली, पानावरून उठला आणि हात न धुताच निघाला. त्याच्यामागे आणखी दोघे.

तलावाच्या पायऱ्यांशी मामंजी मोपेड घेऊन आधीच पोचले होते. लावण्या त्यांच्या रेषेत येताच त्यांनी हात वर केला. "झालं," ते म्हणाले आणि वहीत लिहू लागले; पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे ओळ वाकडी गेली.

शेषाद्री पोचले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. लावण्यानं त्यांना पायरीवर बसवलं, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि पदक त्यांच्या हातातून स्वतःच घेऊन गळ्यात घातलं.