गाडी काढायची

"माणसाला आयुष्यात भरोशाच्या दोनच गोष्टी लागतात," सिद्धोधन सर म्हणाले. "एक विचार आणि दुसरी गाडी. आणि ह्या गाडीनं मला चौदा वर्षांत एकदाही वाऱ्यावर सोडलेलं नाही."

हे वाक्य सरांनी गाडीच्या डिकीला पाठ लावून, टाचा डांबरात रोवून, दमाच्या दोन टप्प्यांत उच्चारलं. त्यांच्या एका बाजूला बन्सीधर ढकलत होता, दुसऱ्या बाजूला महारुद्र. वीसेक पावलं गेल्यावर महारुद्र थबकला.

"सर, आत कोन हाय?"

आत कुणीच नव्हतं. गाडी मात्र रस्त्याचा उतार बघून एकटीच पुढं निघाली होती. सत्तरीला टेकलेले सर धावले, दार उघडून आत शिरले, दुसरा गिअर टाकला. गाडीनं दोन आचके दिले आणि ती सुरू झाली. मग ती चहाच्या हॉटेलासमोर आणून उभी केली, पण बंद करायचा धीर सरांना झाला नाही. त्यामुळं पुढची सगळी चर्चा इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून झाली.

परभणीच्या वसमत रोडवर दर रविवारी सकाळी हे तिघं जमत आणि गाड्यांविषयी बोलत. बन्सीधर सिंचन खात्यातून निवृत्त झालेला कारकून. त्याच्याकडं नवी, बिनक्लचची मोठी गाडी होती आणि तिच्या आरामाविषयी तो देवळात बोलावं तसं हळू बोलत असे. महारुद्र ताडकळसचा बागायतदार. त्याची डिझेलवरची उघडी जीप. गाडी चालवण्यातली मजा हा विषय फक्त आपल्यालाच कळतो, असं त्याचं मत होतं. भरोसा हे खातं अर्थातच सरांकडं.

"माझ्या गाडीत बसलं की झोप लागतीय," बन्सीधर म्हणाला.

"तुमी चालवायलाव की झोपायलाव, दाजी?" महारुद्र म्हणाला. "माझ्या जीपमदी बसा. डोळा लागला तर मानूस डायरेक्ट खालीच."

"भरोसा असला की बाकीचं सगळं आपोआप येतं," सर ओरडले.

"येतंय की. पन ढकलल्यावर."

एरवी सर इथं हसले असते. आज हसले नाहीत. आज ते एक मुद्दा शाबित करायला आले होते, आणि तो ह्या दोघांपुढं नव्हे, तर घरी शाबित करायचा होता.

झालं होतं असं. गुरुवारी सकाळी दाढी करताना त्यांनी मुलीचं फोनवरचं बोलणं ऐकलं. सुकेशनी ताडकळसच्या शाळेत शिक्षिका. रोज एसटीनं जाई, एसटीनं येई. ती कुणाला तरी दबक्या आवाजात सांगत होती, "रविवारी बाबांची गाडी काढायची. आईचं काही म्हणणं नाही. बाबांना आत्ताच नको सांगू, चिडतील."

सरांच्या गालावरचा फेस वाळून गेला.

काढणे ह्या क्रियापदानं आजवर पुष्कळांचा घात केला आहे. आमच्याकडं माणूस नवी गाडी घेतो तेव्हा तो गाडी काढतो. शेडमधून बाहेर आणतो तेव्हाही काढतो. आणि विकून टाकतो तेव्हाही काढतोच. सरांनी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. ह्या एका क्रियापदाचे अठरा अर्थ ते आठवीच्या पोरांकडून फळ्यावर लिहून घेत. स्वतःची वेळ आली तेव्हा त्यांनी त्या अठरातला नेमका एक उचलला आणि तीन दिवस जेवण कमी केलं.

तोच एक अर्थ उचलायला कारणही होतं. सरांच्या उजव्या डोळ्यापुढं वर्षभरापासून धुकं होतं. मागच्या महिन्यात देवगाव फाट्याजवळ त्यांनी मैलाच्या दगडाला वासरू समजून हॉर्न दिला होता. वासरू हललं नाही म्हणून पुन्हा दिला. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. पण घरात कळलं असणार आणि म्हणून गाडी काढायची ठरलं असणार. एकदा गाडी गेली की आपण कुणीतरी नेऊन सोडायचा माणूस होणार. जयंतीच्या कार्यक्रमात 'सरांना घ्यायला कोण जातंय' असं लोक एकमेकांना विचारणार. ह्या एका वाक्याची त्यांना मरणाहून जास्त धास्ती होती.

"तुम्ही दोघं माझ्या घरी चला," सर कप ठेवत म्हणाले. "आत्ताच. सुकूला आणि तिच्या आईला सांगा, गाडी कशी आहे ते."

"खरं सांगायचं का?" महारुद्रनं विचारलं.

"गाडीविषयी सांगायचं."

आपापल्या गाड्या हॉटेलासमोर ठेवून दोघं सरांच्या गाडीत मागच्या सीटवर बसले. सरांनी स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरलं, जरा जास्तच घट्ट. ऊन समोरून येत होतं. पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्या वळणानंतर सरांनी कचकन ब्रेक दाबला. बन्सीधर पुढच्या सीटला येऊन भिडला.

"म्हातारी मधीच आली," सर म्हणाले.

दुभाजकाच्या लोखंडी खांबाला अडकलेलं सिमेंटचं रिकामं पोतं वाऱ्यानं एकदा फुगलं आणि बसलं.

"सर," महारुद्र हळू म्हणाला, "ते पोतं हाय."

"पोतं असलं म्हणून काय झालं?" सर म्हणाले. पण गाडी पुढं घ्यायला त्यांना वेळ लागला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, मग एक शब्द दिला.

बरंच अंतर गेल्यावर महारुद्र खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तसं बगायला गेलं तर, सर, माझी जीप सा म्हैने झाले पुतन्याच चालवतो. कंबर गेलीय माझी. हाटेलच्या अलीकडच्या कोपऱ्यावर त्यो उतरतो आन मी बसतो."

"आन ती मजा?" बन्सीधरनं विचारलं.

"तेवढ्या कोपऱ्यापुरती असतीय की."

घरापर्यंत सरांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच नेली.

फाटकात सुकेशनी उभी होती. ओढणी कमरेला खोचलेली, पायांत चपलेऐवजी बूट. शेजारी मनकर्णाबाई हातात ओलं फडकं घेऊन उभ्या होत्या. सर उतरले. गाडी सुरूच ठेवली.

"गाडी काढायच्या आधी ह्या दोघांचं ऐकून घ्या," ते म्हणाले. "मग काय ते करा."

"ऐकायचं काय त्यात?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "तिला काढता येती."

"काढता येते म्हणजे?"

"म्हंजे काढता येती. मागं घिऊन, गल्लीतून, भिंतीला न लावता. तुमाला तीन डाव लागतेत, तिला एकच."

सर बायकोकडं बघत राहिले. मग मुलीकडं. सुकेशनीनं पर्समधून एक कार्ड काढून त्यांच्यापुढं धरलं. सरांना त्यावरचं अक्षर दिसलं नाही, फोटो दिसला. लायसनवरच्या फोटोत माणूस ओळखू येत नाही, पण बापाला येतो.

"दोन महिने झाले, बाबा. आमच्या शाळेतली रेणुका आन मी, शाळा सुटल्यावर शिकायलोत. आज तुमाला दाखवायची होती काढून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी शिकवलं असतं."

मागच्या सीटवर महारुद्रला खोकला आला. बन्सीधरनं त्याची पाठ चोळली आणि स्वतःचं तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं.

मनकर्णाबाई फडक्यानं काच पुसू लागल्या. पुसता पुसता, सरांकडं न बघता म्हणाल्या, "आधी नवाशिवाय घरी येत नव्हताव. वर्ष झालं, दिवस मावळायच्या आत येताव. मला वाटलं माझी आठवन यायलीय." त्यांनी फडकं झटकलं. "मंगळवारी डोळ्याच्या डाक्टरकडं नंबर लावलाय. सुकू नेईल."

सर काहीतरी ठणकावून बोलणार होते. छत्तीस वर्षांची सवय होती, वाक्य तयार होतं. पण ते ओठांवर यायच्या आधी त्यांच्या ध्यानात आलं की आपण ड्रायव्हरच्या दारातून बाजूला झालो आहोत आणि सुकेशनी आत बसलीसुद्धा आहे. तळहात पँटला पुसायला गेले, तर ते कोरडे होते. गाडी चालवून उतरल्यावर ते कोरडे असण्याची ही किती महिन्यांतली पहिली वेळ, हे त्यांना आठवेना.

"ह्या दोघांला हाटेलवर सोडून ये," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"तू बस पुढं," सर म्हणाले.

"चौदा वर्ष बसले. आज तुमी बसून बगा."

सर डाव्या बाजूनं बसले. सीट मधोमध खोलगट झाली होती. बायकोच्या मापानं, आणि त्यांना जरा अडचणीची. सुकेशनीनं गाडी मागं घेतली, एका डावात. भिंत जागच्या जागी राहिली. गल्ली संपली, रस्ता लागला. तिसरा गिअर कधी पडला ते कुणाला कळलं नाही. ज्या खांबाला पोतं अडकलं होतं तिथून गाडी त्याच्याकडं न बघता गेली.

"आराम हाय," बन्सीधर मागून म्हणाला. स्वतःच्या गाडीखेरीज दुसऱ्या कुठल्या गाडीविषयी हा शब्द त्याच्या तोंडून आजवर निघाला नव्हता.

"मजा बी हाय," महारुद्र म्हणाला.

सर बाहेर बघत होते. वसमत रोडला डावी बाजूही असते, हे त्यांना नव्यानं कळत होतं. एका दुकानासमोर एक बाई शिलाई मशीन पुसत होती. कडुलिंबाखाली एक माणूस गालाला फेस लावून पेपर वाचत होता. धुक्यातूनही दिसत होतं, कारण आता गाडी कुणाच्या अंगावर जाईल अशी भीती नव्हती. पुढच्या पिढीविषयी, विश्वासाविषयी, हातातून हातात जाणाऱ्या गोष्टींविषयी बोलायलाच हवं होतं. ते सरसावून बसले. घसा साफ केला. मागं दोघं सवयीनं गप्प झाले.

"सुकू, आज मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे—"

"सांगा की, बाबा," सुकेशनी समोर बघत म्हणाली. "फक्त मान जरा मागं घ्या. आरसा दिसंना."