क्रुसाखालचा हातोडा

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. माझ्या अंगावर गंज चढलाय, पण कुणाच्या आळसामुळे नाही. आमच्या खाणीचा रिवाजच तसा आहे.

आरेकिपा शहराबाहेरच्या घळीत आमची पांढऱ्या दगडाची खाण. रेल्वेच्या जुन्या रुळाच्या तुकड्यातून लोहाराने मला घडवलं आणि सातुर्निनो पाथरवटाच्या हाती दिलं. काय हात होता तो! त्याच्या घामाने माझा दांडा गुळगुळीत झाला. आमच्या दगडाला आधी हलका टोला द्यायचा आणि कान लावायचा. धड असेल तर घंटेसारखा खणखणतो, आतून फुटलेला असेल तर भद्द बोलतो. तसल्या दगडाखाली उभं राहायचं नाही. सातुर्निनोचा दगड म्हटला की गवंडी डोळे झाकून घेत.

त्याची मुलगी बेनिता दुपारी जेवण आणायची. उकडलेला मका, चीज, किटलीत मक्याची आंबवलेली दारू, चिचा. जेवण ठेवलं की लगेच मला उचलायची. तिला पाथरवट व्हायचं होतं.

"ठेव खाली! बाईमाणसाचा हात लागला की दगड रुसतो," बाप खेकसायचा.

"मग त्याची समजूत मी काढते, ताता. तुम्ही मका खा."

शेजारी दगड फोडणारा एमेतेरियो खो खो हसायचा. "सातुर्निनो, पोरीची जीभ तुझ्या छिन्नीपेक्षा धारदार आहे रे!"

पुढे सातुर्निनोचे कान गेले. कशाने? माझ्याच ठणठणाटाने. लोक हसतील म्हणून त्याने ते सगळ्यांपासून लपवलं. समोरच्याचे ओठ बघून मान डोलवायचा. दगडाला टोला देऊन सवयीने मान कलती करायचा, पण ऐकू काहीच यायचं नाही. मला फार वाईट वाटायचं. हातोड्याला कुठे बोलता येतं?

बेनिताच्या मात्र ध्यानात आलं. एका दुपारी सगळ्यांसमोर, त्याच्या पुढ्यात उभी राहून ती म्हणाली, "ताता, टोला तुम्ही द्या. ऐकायचं काम माझ्याकडे द्या."

सातुर्निनो लालबुंद झाला. "उद्या म्हणशील, घासही मीच चावते! जा घरी!"

सगळे हसले. बेनिताचे डोळे भरून आले. ती किटली तिथेच विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी सातुर्निनो उंच कड्याखाली उभा राहिला. माझा टोला पडला. भद्द! मी दांड्यापर्यंत शहारलो. वाटेवरून जेवण घेऊन येणारी बेनिता ओरडली, "ताता, बाजूला व्हा! ताता!"

त्याने मान कलती केली, आणि मला पुन्हा जोरात हाणलं. कडा खाली आला.

त्याच्या मुठीतून मला सोडवताना एमेतेरियो लहान मुलासारखा रडत होता. दगडाने ज्याला नेलं, त्याचा हातोडा खाणीतल्या क्रुसाखाली ठेवतात. पुन्हा त्याने कुणी घाव घालत नाही. मे महिन्यात क्रुसाच्या सणाला मला फुलं वाहतात, माझ्यावर चिचा शिंपडतात. त्याने मी आणखीच गंजतो, पण सांगणार कोण!

बेनिताने मला मागितलं होतं. "द्या ना काका. ताताचा हात आहे त्याच्यात."

"नको मागूस, पोरी. हा आता त्याचाच."

ती निघून गेली, आणि सोमवारी बाजारातला स्वस्त हातोडा घेऊन कामाला आली. कुणी अडवलं नाही. आता दगड संशयाचा वाटला की तेच लोक हाक मारतात, "बेनिता, जरा ऐकून जा गं!" ती जाते, टोला देते, कान लावते. बापाला नको झालेला तो कान आता सगळ्या खाणीला हवा आहे.

मित्रांनो, माझा गंज काढायला येऊ नका. घरात कुणाला ऐकू येईनासं झालं असेल, तर त्याला हसू नका. आणि कुणी मायेने सावध केलं, तर त्याला घरी हाकलू नका.

दुपारी बेनिता क्रुसाखाली येते आणि एकटीच मका खाते. मग बोटाच्या पेराने मला हलकेच टोला देते आणि कान लावते. मी भद्द बोलतो, आतून फुटलेल्या दगडासारखा. तसल्याजवळ थांबायचं नसतं, हे तिला ठाऊक आहे. तरी ती बसून राहते.