भरड पूड

तिने वरची काच दोन्ही हातांनी उचलली, बादलीत बुडवून काढली आणि खिडकीशी नेऊन तिरपी धरली. मधोमध केसाएवढा बारीक ओरखडा होता. फडक्याने पुसून तिने पुन्हा पाहिलं. होताच.

"कशी दिसतेय?" पलंगावरून नवऱ्याने विचारलं.

"छान," ती म्हणाली.

शब्द किती सहज निघाला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

नवरा चष्मेवाला. पस्तीस वर्षं त्याने गावाचे डोळे तपासले आणि दुकान बंद केल्यावर वर्षभरातच त्याच्या स्वतःच्या नजरेचा मधला भाग विझत गेला. कडेचं दिसे, ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलेलं. "दिव्याखाली अंधार, दुसरं काय," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगे. पण आपल्या हाताने दुर्बिणीचा आरसा घडवायचं त्याचं तरुणपणापासूनचं वेड अर्ध्यावर राहिलं. तेव्हा तीच म्हणाली होती, "द्या इकडे. तुमचे डोळे बरे होईपर्यंत मी घासते." डोळे बरे होणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. आरसा झालाच, तर त्यातून बघणार कोण, हे दोघांनीही विचारलं नव्हतं.

खालची काच पिंपावर घट्ट बसवलेली. तिच्यावर काच घासायची चिमूटभर पूड, थोडं पाणी, आणि त्यावर वरची काच, जिचा आरसा व्हायचा होता. ती पुढे ढकलायची, मागे ओढायची, किंचित फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. रोज दुपारी दोन तास. आधी भरड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. आता शेवटची, पिठासारखी पूड चालू होती. तिच्यात भरड पुडीचा एखादा कण कुठून तरी आला असणार. ओरखडा घालवायचा, तर पुन्हा मागच्या पुडीवर जायचं. म्हणजे निदान दोन महिने.

जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली ती बाई. ताऱ्यांशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. सुरुवातीला हुरूप होता. तो कधी ओसरला, ते कळलंही नाही. घड्याळात दोन वाजले की पाय जड व्हायचे.

दोन दिवस तिने पाठ दुखते म्हणून सांगितलं. त्यानेही हं म्हटलं.

तिसऱ्या दुपारी जेवण झाल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. तिने पिंप धुतलं, बादलीतलं पाणी बदललं, नखांतली पूडसुद्धा काढली आणि मागच्या पुडीचा डबा उघडला. गिऱ्हाइकाला कळणार नाही म्हणून तिने वाकडी शिवण कधी तशीच सोडली नव्हती. पण आज तसला बाणाही मनात नव्हता. मनात काहीच नव्हतं. करावंसंही वाटत नव्हतं. हात मात्र काचेवर गेले.

वाळूवरून लाट मागे सरकावी, तसा आवाज येऊ लागला. खिडकीतलं पांढरं ऊन काचेवरच्या दुधासारख्या पाण्यात हलत होतं. एक पाऊल, मग आणखी एक. थोड्या वेळाने तिला वाटलं, आपण जागच्या जागी आहोत आणि खोलीच आपल्याभोवती फिरतेय. कपाट गेलं, दार गेलं, खिडकी आली, पलंग आला. पलंगाच्या पलीकडे भिंत नव्हतीच, नुसता उजेड होता, आणि त्यात कुणीतरी मशीनवर लांबच लांब टीप घालत होतं. आई असेल. विचारावं, असं तिला वाटलं, पण पलंग निघून गेला आणि पुन्हा कपाट आलं.

"पाणी घाल. काचा चिकटतील."

ती थांबली. नवरा अजून भिंतीकडेच तोंड करून पडला होता.

"झोपला नव्हतात?"

"ऐकत होतो." तो म्हणाला, "ही मागची पूड आहे."

बोटं पाण्यात बुडवून तिने काचेच्या कडेने थेंब सोडले.

"कुठे पडलाय ओरखडा?"

"मधोमध."

"मोठा?"

"बोटभर."

त्याने सुस्कारा टाकला नाही, की त्या दिवशी छान का म्हणालीस, असंही विचारलं नाही. तो उठून बसला, चपला पायांनी चाचपल्या, मग तशाच राहू दिल्या. कपाटाला हात लावत तो पिंपापर्यंत आला, तिच्या समोर उभा राहिला आणि वरच्या काचेवर त्याने आपले दोन्ही तळवे ठेवले. ते तिच्या हातांवर आले. त्याने आपले जरा बाजूला सरकवले.

"मला कळणार नाही," तो म्हणाला. "पाऊल कधी टाकायचं, ते सांगत जा."

तिने काच पुढे ढकलली. त्याने ती मागे लोटली. दोघांनी मिळून ती किंचित फिरवली.

"टाका," ती म्हणाली.