विल्किनचा तांबडा दिवा

नेरेइदाने वेदीवरची वायर उपटली आणि ई-सिगारेटचा चटका बसताच हात झटकला.

"लाव ती परत," आई मागून म्हणाली. "वीज आहे तोवर."

"आई, हा मोबाइलचा चार्जर आहे, ई-सिगारेटला चालत नाही. त्यात खाली कापड, बाजूला मेणबत्त्या. एक दिवस घर पेटेल."

"तुझं शहाणपण तुझ्या दुकानात ठेव."

नेरेइदा बानी शहराच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करायची. तिचा धाकटा भाऊ विल्किन मोटारसायकलवरून पडून गेला, त्याला दोन महिने झाले होते. गेलेल्याची वेदी घरात नऊ दिवस ठेवायची, मग पांढरं कापड ओढून काढायचं आणि दार उघडायचं, म्हणजे जीव मार्गी लागतो. आईने मात्र नवव्या दिवशी जमलेल्या बायकांना कॉफी पाजून वाटेला लावलं. विल्किनची ई-सिगारेट वेदीवर चार्ज होत होती. तिचा तांबडा दिवा हिरवा झाला की वेदी उठवू, म्हणाली. अर्धवट भरलेली घेऊन तो कधी घराबाहेर पडला होता?

दिवा काही हिरवा होईना. वीज घटकाभर यायची नि जायची, आणि बॅटरी तर केव्हाच खलास झालेली. भरदुपारी त्या खोलीत आंब्याचा वास येतो, असं शेजारणी म्हणत. विल्किन ओढायचा तोच. नेरेइदाला भुताखेतांचं भय नव्हतं. भय होतं ते आईच्या जिवाचं, कारण आई वेदीशेजारीच चटई टाकून झोपायची.

आई कोंबड्यांना दाणे टाकायला गेली, तशी तिने ई-सिगारेट उघडली. बॅटरीवरचं प्लास्टिक फाटून आतलं लोखंड दिसत होतं. ती जुनी बॅटरी तिने न्हाणीमागच्या वाळूत पुरली. दुकानातून आणलेली नवी बॅटरी तसल्या बॅटरीच्या खास चार्जरमध्ये घालून स्वयंपाकघराच्या उघड्या फरशीवर ठेवली आणि समोर बसली. चार्जिंगला लावून उठायचं नाही, ही तिची सवय. रिकामी ई-सिगारेट वेदीवर जागच्या जागी गेली. बॅटरी भरली की आत घालायची, आईला हिरवा दिवा दाखवायचा. फसवणूक होती, पण आई तरी जळून मरणार नव्हती.

मध्येच वीज गेली. गल्लीत नेहमीच्या शिव्या ऐकू आल्या.

"झाला गं," आई बाहेरच्या खोलीतून म्हणाली.

"काय झाला?"

"हिरवा."

नेरेइदाने फरशीकडे पाहिलं. नवी बॅटरी चार्जरमध्येच होती. ती उठून बाहेर गेली. वेदीवर ई-सिगारेट पडली होती, वायर खाली लोंबत होती, आणि दिवा हिरवागार. आंब्याचा वास घशात बसत होता.

आईने मेणबत्त्या फुंकल्या, फोटो उतरवला, मग कापडाची टोकं धरून ते ओढून घेतलं.

"जा, पोरा," ती म्हणाली. "वळणावर गाडी हळू घे."

दोन महिन्यांत तिचा चेहरा एवढा निवांत दिसला नव्हता. कापडाची घडी घालत ती वळली.

"नेरे, बाजूला हो. दार अडवू नकोस, त्याला जायचंय."

आपण उंबऱ्यावर कधी आलो, हे नेरेइदाला कळलं नव्हतं. तिचे दोन्ही हात चौकट घट्ट धरून होते. दोन महिने तीच आईच्या मागे लागली होती, उठव ते, जाऊ दे त्याला.

"नेरे."

"थांब ना, आई," ती म्हणाली. "थोडा वेळ थांब."