सोपानरावांचे सहा

निघोज्याचे सोपानराव आपल्या चुलतभावावर, दादासाहेबांवर, इतके जळायचे की थंडीत आम्ही त्यांच्याजवळ बसून हात शेकायचो. दोघांच्याही रक्तात पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीचं प्रथिन, वाढलेलं निघालं. चिंचवडला सुई घालून प्रोस्टेटचे तुकडे काढून तपासले, तर दोघांनाही कॅन्सर. दादासाहेबांचा ग्लीसन स्कोअर नऊ, सोपानरावांचा सहा.

“त्याला नऊ आन मला सहाच? परत सुई घाला,” सोपानराव डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

“काका, सहा म्हणजे कॅन्सर सुस्त आहे, नुसती नजर ठेवू. नऊचा आक्रमक असतो, त्यांचे उपचार लगेच सुरू करायला हवेत.”

दादासाहेब कसनुसे हसले. “सोपाना, दीड तू घे. समान वाटणी हुईल.”

“न्हाई, तुझं तुला राहू दे,” सोपानरावांनी जन्मात पहिल्यांदाच वाटणी नाकारली.

आणि दादासाहेब, जन्मात पहिल्यांदाच, सोपानरावांवर जळत बसले.