जगाची खुर्ची

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी सहाला ‘विश्वास आणि आजचं पाश्चात्त्य जग’ नावाचं चर्चामंडळ भरायचं. नाव भारदस्त, माणसं नऊ. त्यातला एक लिफ्टचा मेकॅनिक, आणि ही गोष्ट त्याचीच.

आता चर्चा म्हटली की समोर कुणीतरी उलटं बोलणारं लागतंच. पण देव न मानणारं कुणी तिथे फिरकायलाच तयार नव्हतं. चर्चच्या पाळकांनी वर्षभर आमंत्रणं वाटली. एकच माणूस आला, आणि तो गॅसचा मीटर बघायला आला होता. शेवटी पाळक म्हणाले, मग नास्तिक आपल्यातलाच करू. तेव्हापासून पुढे एक खुर्ची मांडायची पद्धत पडली. तिला म्हणायचं जगाची खुर्ची. चिठ्ठीत नाव निघेल त्याने तिच्यात बसायचं आणि अर्धा तास आजच्या माणसासारखं बोलायचं. बाकीच्यांनी त्याचं म्हणणं खोडून काढायचं.

पहिल्यांदा दंतवैद्य बसला. त्याच्या जगाला पाचव्या मिनिटाला पश्चात्ताप झाला आणि उरलेली पंचवीस मिनिटं सगळे चहा पीत बसले. मग औषधाच्या दुकानवाल्या बाई बसल्या. त्यांनी सुरुवातच केली, “प्रभूच्या कृपेने मी देव मानत नाही.” पाळकांनी कपाळाला हात लावला.

मग मेकॅनिकचं नाव निघालं.

“लिफ्टमध्ये दार बंद करायचं एक बटण असतं,” तो म्हणाला. “मी सांभाळतो त्यातल्या कितीतरी लिफ्टमध्ये ते कशालाच जोडलेलं नाही. लोक दाबतात. दार आपल्या वेळेला बंद होतं. लोकांना वाटतं, आपण दाबलं म्हणून झालं. तुमची प्रार्थना याहून वेगळी कशी, तेवढं सांगा.”

बाईंनी बटणाचं वहीत लिहून घेतलं. दंतवैद्याने उत्तर द्यायचं सोडून टाळ्याच वाजवल्या. त्या दिवसापासून चिठ्ठ्या बंद झाल्या. सगळे म्हणाले, “जग तुम्हीच करा, भाऊ. तुमच्यासारखं कुणाला जमायचं नाही.” असे अकरा गुरुवार गेले. शेजारच्या चर्चच्या मंडळीतूनही दोघं खास त्याला ऐकायला येऊन गेले.

त्याला कसं जमायचं नाही? गडी नाटक करतच नव्हता! दोन वर्षांपूर्वी त्याचा विश्वास गेला होता. कुणी वारलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. एका सकाळी दात घासताना त्याच्या लक्षात आलं की आपण यातलं काहीच मानत नाही. त्याने चूळ भरली आणि कामावर गेला.

पण त्याची बायको! हॉस्पिटलात नर्स, मंडळाची चिटणीस, लग्नाला सव्वीस वर्षं झालेली, आणि तिचा विश्वास भिंतीसारखा पक्का. तिला कळलं तर ती सोडून जाईल, ही भीती त्याला नव्हती. तशी बाई ती नव्हतीच. आपण समोर बसलेले असू आणि तरी ती टेबलापाशी एकटी असेल, ही त्याची भीती होती. आणि दर गुरुवारी तिच्यादेखत खरं बोलून टाळ्या घ्यायच्या, हे तर त्याला चोरीपेक्षा वाईट वाटायला लागलं होतं.

बाराव्या गुरुवारी विषय होता मनःशांती विकणारी मोबाइल ॲप्स. मेकॅनिक खुर्चीपाशी गेला आणि उभाच राहिला.

“आज मी बसत नाही,” तो म्हणाला. “माझा खरंच विश्वास राहिलेला नाही. दोन वर्षं झाली.”

“वा!” दंतवैद्य म्हणाला. “काय सुरुवात केली!”

“अहो, हे नाटक नाही.”

“हेच! जग अगदी हेच म्हणतं! बाई, लिहून घ्या.”

“डॉक्टर, मी माझं सांगतोय. माझं स्वतःचं.”

औषधवाल्या बाईंनी डोळे टिपले. “किती आतून बोलतात हो!” पाळकांनी मायेने खुर्ची पुढे सरकवली. पाळकांना नाही कसं म्हणायचं, म्हणून मेकॅनिक बसला. झालं, जग पुन्हा खुर्चीत.

कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत असलेल्या बायकोने पेन खाली ठेवलं. अकरा गुरुवारांत तिने खुर्चीला एकही प्रश्न विचारला नव्हता.

“मला एक विचारायचंय,” ती म्हणाली. “तुम्ही घरी जेवणाआधी काय करता?”

“हात जोडतो.”

“आणि?”

“बायको मनात प्रार्थना करते. मी मनात आकडे मोजतो. चाळीसच्या आसपास ती आमेन म्हणते.”

दंतवैद्य खो खो हसला. एकटाच.

“तिला सांगितलं का नाहीत?”

“ती एकटी पडेल. त्याची भीती वाटते मला. फार वाटते.”

“पूर्वी तिचं विसातच उरकायचं,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली, एका माणसासाठी जास्तीचं मागावं लागतं. म्हणून चाळीस.”

मेकॅनिकला रडू फुटलं. चांगला पन्नाशीचा माणूस, सगळ्यांसमोर, नाक पुसायला रुमालही नव्हता. औषधवाल्या बाईंची लेखणी थांबली. दंतवैद्याला आत्ता कुठे उजेड पडला आणि तो आपल्या बुटांकडे बघायला लागला. पाळक उठले. “भाऊंसाठी आपण सगळे मिळून प्रार्थना करू या,” ते म्हणाले.

“नको, पाळकसाहेब,” ती म्हणाली. “माझी चालू आहे. यांना मी आहेत तसेच घरी नेते.” तिने त्याचा कोट उचलला.

दोघं बाहेर आले.

“अगं, मग आता जेवणाआधी मी काय करू?” त्याने विचारलं.

“मोजा,” ती म्हणाली. “फक्त मोठ्याने मोजू नका. माझी प्रार्थना चुकते.”