कोरडी वाटी

रविवारी सकाळी भागुजी जीपचं बॉनेट उघडून बसला की आळेफाट्यावरच्या लोकांना कळायचं, आता या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. जीप होती जवरीलाल शेठच्या किराणा दुकानाची. फाट्यावरून बेल्हे, आणे आणि वरच्या वाड्यावस्त्यांवर माल पोचवायची. मालक शेठ, पण जीव भागुजीचा. एअर क्लीनरची लोखंडी वाटी तो उतरवायचा, तळाला बसलेला गाळ काडीनं खरवडायचा, जाळी डिझेलात धुऊन सावलीत वाळवायचा आणि मग वाटीत आतल्या रेघेपर्यंत नवं तेल ओतायचा. रेघेच्या वर थेंब नाही, खाली थेंब नाही. आण्याच्या पठारावरची धूळ त्या तेलात येऊन बुडायची आणि इंजिनाला स्वच्छ हवा मिळायची. शेठचा अरिहंत दुकानात रांगत होता तेव्हापासून हे चाललं होतं. आता अरिहंत बापाच्या डोक्यावरून बघत होता, आणि इंजिन अजून एकदाही खोलावं लागलं नव्हतं.

त्या वर्षी आषाढात शेठनं शब्द दिला. दिवाळीला नवा टेम्पो येणार, आणि पाडव्याला ही जीप भागुजीची. शेठ आपण होऊन असलं काही बोलणाऱ्यातला नव्हे. मागे लागली होती ती शेठाणी, भंवरीबाई. 'इतकी वर्षं त्यांनीच सांभाळली, दुसऱ्याच्या हातात कशाला द्यायची?' असं तिनं म्हणे जेवताना शेठला ऐकवलं होतं. भागुजीनं घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा जानकाबाई पीठ मळता मळता थांबली. थोरला कपिल फाटा ते आणे सीटा भरून वडाप करणार, भागुजी घरी बसून फक्त गाडीचं बघणार, असं त्याच दिवशी ठरून गेलं. दुसऱ्याच्या दारात गाडी लावून पायी घरी यायचं, यात भागुजीचं अर्धं आयुष्य गेलेलं होतं.

चातुर्मास लागला आणि पहिल्याच रविवारी घोळ झाला. भंवरीबाईला नारायणगावला महासतीजींच्या, म्हणजे जैन साध्वींच्या, दर्शनाला जायचं होतं. ती पदर सावरत बाहेर आली, आणि भागुजीच्या हातात उघडी वाटी. काळ्या तेलात पाखरं, चिलटं, एक मधमाशी, पंख फुटलेल्या मुंग्या. ती बाई पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायची आणि फडकं झटकायचं ते पाण्यातच, जीव कोरड्यावर पडू नये म्हणून. तिचा चेहरा उतरला.

"भागुजीभाऊ, हे सगळे जीव या तेलात मेले?"

"वाऱ्यासंगं येत्यात, बाई. अडाकत्यात."

"मी दर्शनाला जायचं आणि माझ्याच गाडीत हे? कार्तिकी पौर्णिमेपर्यंत हे तेल घालू नका. एवढं माझं ऐका."

उत्तर भागुजीच्या जिभेवर होतं. तेल काढलं तर धूळ सरळ इंजिनात जाणार, आणि धूळ म्हणजे इंजिनाला कानसच. दोन वाक्यांचं काम. पण डोळ्यांपुढे पाडवा उभा राहिला. जिच्या तोंडून गाडी मिळायची, तिलाच नाही कसं म्हणायचं? आणि पावसाळा आहे, धूळ ती कितीशी असणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

"बरं, बाई," तो म्हणाला, आणि वाटी पुसून कोरडीच चढवली.

शहाण्या माणसाची अक्कल गहाण पडते ती अशीच, मिळणाऱ्या वस्तूपाशी.

पाऊस आला नाही. जुन्नरकडे नद्या भरून वाहत होत्या आणि आण्याच्या पठारावर मात्र ढग नुसते बघून पुढे जात होते. त्यात रस्ता रुंद करायचं काम निघालेलं. मुरमाचे ढीग, डंपरची ये-जा, घाटात तर पुढची गाडी दिसेना. भागुजी नाकाला रुमाल बांधून जीप चालवायचा. आपल्या नाकाला रुमाल आणि हिचं नाक उघडं, याची त्याला लाज वाटायची.

जानकाबाईनं एकदा सरळच काढलं. "पंचशील आपण बी म्हनतो. जीव मारू नये, खरं हाय. पर बिनतेलाची गाडी चालवा आसं कुटं सांगितलंय? जावा आन् सांगा त्यांना."

"दिवाळी हुं दे."

"दिवाळीपत्तूर राहील का ती?"

"तू गप बस."

एका रविवारी त्यानं तेलाचा डबा उघडलाही. कोण बघतंय? भंवरीबाईनं त्यानंतर एकदाही वाटीकडे पाहिलं नव्हतं. पण त्याच आठवड्यात तिनं नारायणगावच्या जैन स्थानकात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की आमचे भागुजीभाऊ जैन नाहीत, पण आमचं व्रत आमच्याइतकंच पाळतात. महासतीजींनी मुद्दाम त्याला आत बोलावून चांगलं म्हटलं. बायकांनी हात जोडले. आयुष्यात असा मान त्याला कुणी दिला नव्हता. त्यावर खोटं कसं वागायचं? त्यानं डबा बंद केला.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, भंवरीबाई त्याच्यासमोरही हात जोडून उभी राहिली. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा, म्हणाली. घरातल्या प्रत्येकाला, मोलकरणीलासुद्धा, ती तसं म्हणायची. एवढी उघडी वाट पुन्हा मिळणार नव्हती.

"तसं काय न्हाई, बाई," भागुजी म्हणाला, आणि जीपकडे गेला.

दसऱ्याच्या सुमारास जीप निळा धूर सोडू लागली. इंजिन तेल प्यायला लागलं. जो घाट ती भरल्या मालानिशी दुसऱ्या गिअरमध्ये चढायची, तिथं रिकामी पहिल्यात कण्हू लागली. सकाळी ढकलल्याशिवाय चालू होईना. भागुजी फाट्यावरच्या कुशाबा फिटरकडे मात्र गेला नाही. रोगाचं नाव त्याला ठाऊक होतं, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

पाडव्याला नवा टेम्पो हार घालून दुकानापुढे उभा होता. शेजारी जीप. शेठनं कुशाबाला टेम्पो बघायला बोलावलं होतं. जीप चालू केली तसा धुराचा लोट दुकानात शिरला. कुशाबा वाकला, वाटी उतरवून बोट फिरवलं, कोरडी धूळ बोटावर आली.

"भागुजी, वाटीत तेल न्हाई? रिंगा गेल्या, बोअर खाल्लं, समदं इंजिन गेलं हिचं. तुज्या हातनं आसं व्हतं का राव?"

ताटात कुंकू घेऊन आलेली भंवरीबाई उंबऱ्यातच थांबली. तिला समजायला वेळ लागला नाही.

"माझ्यामुळे?" ती म्हणाली. "तेल नव्हतं म्हणून?"

"व्हय, बाई."

"मग सांगितलं का नाही? मला काय कळतं इंजिनातलं? अहो, व्रताला सूट असते. पोटापाण्याच्या कामाला असतेच. एक शब्द बोलला असतात तर मीच तेल घाला म्हणाले असते."

तिचे डोळे भरून आले. रागावली असती तर बरं झालं असतं, असं भागुजीला वाटलं. शेठ घसा खाकरून म्हणाला, "दिलेला शब्द दिला. गाडी तुमचीच. आणि उद्यापासून टेम्पोवर या, नेहमीच्या वेळेला." यात वाईट काहीच नव्हतं. तरी पुन्हा दुसऱ्याच्या दारात गाडी लावून पायी घरी यायचं, एवढंच भागुजीला त्यातून ऐकू आलं.

शेठनं ट्रॅक्टर बोलावून दिला. त्याच्या मागे दोरानं बांधलेली जीप वस्तीकडे निघाली, आणि भागुजी स्टिअरिंग धरून बसला होता. वडापच्या गाड्या हॉर्न वाजवत बाजूनं जात होत्या. वस्तीवर पोरंसोरं धावत आली, म्हाताऱ्या चिमाजीनं ओट्यावरून 'आता मालक झालास की' म्हणून हात केला. कपिलनं ट्रॅक्टर पाहिला, आणि पुढे होऊन दोर सोडायला घेतला.

जानकाबाई नवं लुगडं नेसून दारात उभी होती. तिला एका नजरेत सगळं कळलं. ती पुढे आली, बॉनेटवरची धूळ पदरानं थोडी पुसली, आणि पुढचं दार उघडून भागुजीशेजारी बसली. नवऱ्यानं जन्मभर चालवलेल्या गाडीत ती पहिल्यांदाच बसत होती. हात मांडीवर ठेवून ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिली. भागुजीला तिला उतर म्हणवेना.